वचनपाठाची चौसष्ट कार्डे: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

पापाशी चाललेल्या झगड्यात पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, आधार घ्यायला शिकवणारा वचनपाठाचा, म्हणजे त्यातील वचने पाठ करण्याच्या कार्डांचा, एक संच मी गेले अकरा महिने रोज वापरत आहे. तो घ्यावा की न घ्यावा अशा विचारात असलेल्या विश्वासणाऱ्यांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे. संच घ्यावा असेच माझे मत आहे, हे आधीच सांगून टाकते. मात्र सोबतच्या पत्रकातील सूचनांबरहुकूम तो जसाच्या तसा वापरला, तर त्याचा निम्माही उपयोग होणार नाही आणि मनापासून झगडणाऱ्या माणसाच्या पदरी निराशा येण्याचा संभव आहे, असे मला अनुभवावरून वाटते. त्यामुळे कार्डांच्या गुणांइतकेच त्यांच्या उणिवांविषयीही सविस्तर लिहिणे मला भाग आहे.

पेटीत ६४ छापील आणि १६ कोरी कार्डे आहेत. राग, जीभ, वासना, लोभ, मत्सर, गर्व, भीती आणि आळस असे आठ विभाग केले असून प्रत्येकात आठ वचने दिली आहेत. कार्डाच्या दर्शनी बाजूस शीर्षक व संदर्भ आणि मागच्या बाजूस वचन छापले आहे. आठाची ही मांडणी करताना ११९ वे स्तोत्र डोळ्यांपुढे असावे, असा माझा अंदाज आहे. त्या स्तोत्रात हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांप्रमाणे २२ कडवी आहेत आणि प्रत्येक कडव्यात आठ वचने आहेत. ही रचना पाठांतराला सोयीची आहे. देवाचे वचन अंतःकरणात साठवून ठेवले ते त्याच्याविरुद्ध पाप घडू नये म्हणून, असे स्तोत्रकर्ता अकराव्या वचनात सांगतो ते याच स्तोत्रात. छपाई स्वच्छ आहे, अक्षर मोठे आहे आणि कार्डाचा कागद इतका जाड आहे की अकरा महिन्यांच्या हाताळणीनंतरही कोपरे फारसे दुमडलेले नाहीत. याहून अधिक त्याविषयी सांगण्याजोगे काही नाही.

पेटीला पाच कप्पे आहेत आणि संचाची खरी करामत त्यांतच आहे. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात ठेवायचे आणि रोज म्हणायचे. न अडखळता आले की ते दुसऱ्या कप्प्यात जाते आणि एक दिवसाआड निघते. पुढच्या कप्प्यांत हे अंतर वाढत जाते. कुठेही चूक झाली की कार्ड पुन्हा पहिल्या कप्प्यात. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे ठाऊक आहे की पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर सावकाश विसरले जाते. १९७० च्या दशकात सेबास्टियन लाइटनर यांनी कप्प्यांची ही पद्धत लोकप्रिय केली ती याच तत्त्वावर. माझी स्मरणशक्ती बेताची आहे. तरीही आज ६४ पैकी ५१ वचने शेवटच्या कप्प्यात पोहोचली आहेत, आणि पाठांतराचे साधन म्हणून मी या पेटीला पूर्ण गुण देते.

पाठांतर झाल्यावर पाप सुटते का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि संच त्यासाठीच घेतला जात असल्याने त्याची परीक्षा तिथेच व्हायला हवी.

माझा झगडा जिभेशी आहे. मोठ्याने भांडण्याचा माझा स्वभाव नाही, पण समोरच्याला नेमके कुठे लागेल ते मला कळते आणि तेच शब्द माझ्या तोंडून, किंवा बोटांतून, बाहेर पडतात. म्हणून मी ‘जीभ’ हा विभाग प्रथम उघडला आणि इफिसकरांस पत्र ४:२९ (अध्याय ४, वचन २९) हे कार्ड तीन आठवड्यांत शेवटच्या कप्प्यात नेले. त्यानंतर काही दिवसांनी आईच्या औषधांवरून धाकट्या बहिणीचा एक संदेश आला आणि त्यात मी काही करत नाही असा सूर मला जाणवला. रात्रीचे साडेदहा वाजले होते. उत्तर लिहिताना ते वचन शब्दन्‌शब्द मनात उमटले, कुजके भाषण मुखातून निघू नये हे मला लख्ख आठवले, आणि तरीही मी तिच्या जुन्या चुकीची आठवण करून देणारे ते वाक्य पुरे केले आणि पाठवून दिले. वचन पाठ नव्हते म्हणून मी पडले असे मला म्हणता येणार नव्हते. ते पाठ होते, वेळेवर आठवले होते, आणि मी ते ओलांडून गेले होते. त्या रात्री पेटी कपाटात ठेवून द्यावी असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्ड न घेता पवित्र शास्त्र उघडले आणि तो अध्याय सुरुवातीपासून वाचला, तेव्हा कार्डाने माझ्यापासून काय काय दूर ठेवले होते ते दिसले. कार्डाचे शीर्षक होते ‘वाईट बोलू नका’ आणि मागे वचनाचा फक्त पहिला अर्धा भाग छापला होता. त्याच वचनाचा उत्तरार्ध, ऐकणाऱ्याची गरज पाहून त्याची उन्नती होईल आणि त्याला कृपा लाभेल असे बोला हा, गाळलेला होता. हा अध्याय जुना मनुष्य काढून टाकून नवा मनुष्य धारण करण्याविषयी आहे, आणि पत्राचा लेखक प्रेषित पौल एकाही पापाविषयी नुसते ‘करू नका’ म्हणून थांबत नाही. लबाडी सोडा आणि खरे बोला, कारण आपण एकमेकांचे अवयव आहोत. चोरी करणाऱ्याने चोरी सोडावी आणि कष्ट करावेत, कारण गरजवंताला देण्यासाठी त्याच्याजवळ काही असावे. काय सोडायचे, त्याच्या जागी काय धरायचे आणि ते कशासाठी, अशी ही तिहेरी वीण आहे. कार्डाने तिच्यातला एकच धागा उपसून माझ्या हातात दिला होता.

तिसाव्या वचनात तर सरळ पवित्र आत्म्याला खिन्न करू नका असे म्हटले आहे, आणि बत्तिसाव्यात एकमेकांना क्षमा करा, कारण देवाने ख्रिस्तामध्ये तुम्हांला क्षमा केली आहे, असे सांगून हा अध्याय संपतो. माझ्या बोलण्याने बहिणीला लागते हे मला ठाऊक होते. ज्या आत्म्याने मला तारणाच्या दिवसासाठी मुद्रित केले आहे तो त्या बोलण्याने दुखावतो, हे मी कधी त्या प्रसंगाशी जोडून पाहिलेच नव्हते. मूळ ग्रीकमध्ये भाषणाला लावलेला ‘सप्रोस’ हा शब्द मत्तयाच्या शुभवर्तमानात निकामी झाडासाठी आणि जाळ्यातून वेचून फेकून दिलेल्या मासळीसाठी आला आहे, हेही मला पुढे वाचताना कळले. ते कळल्यापासून तो शब्द उच्चारताना नाकाशी दुर्गंधी आल्यासारखे होते.

महिन्याभराने तशीच वेळ पुन्हा आली. बहीण तीच, विषयही जवळपास तोच. उत्तर लिहायला घेतले तेव्हा एकोणतिसाव्या वचनाला धरून तिसावे, एकतिसावे आणि बत्तिसावे मनात आले, आणि बत्तिसाव्यापाशी मी थांबले. मला किती क्षमा मिळाली आहे हे आठवत असताना तिचे जुने माप काढणे मला जमेना. लिहिलेल्या दोन ओळी मी पुसल्या, ‘आज तू दमलेली दिसतेस, उद्या औषधे मी आणते’ एवढेच लिहिले आणि पाठवले. यात माझे मोठेपण काही नाही, कारण त्यानंतरही मी तीनदा पडले आहे. पण पहिल्या वेळी आज्ञा आठवली होती आणि दुसऱ्या वेळी आज्ञेसह ती देणाऱ्याने आधी काय केले आहे ते आठवले होते, हा फरक मी प्रत्यक्ष अनुभवला आहे, आणि संचाविषयीचे माझे सगळे म्हणणे या फरकापाशी येऊन थांबते.

प्रभू येशूच्या परीक्षेचा वृत्तांत या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. संचाच्या पत्रकातही त्याचा दाखला दिला आहे, पण घाईने. चाळीस दिवसांच्या उपासानंतर प्रभूने सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातील आहेत, ८:३, ६:१६ आणि ६:१३. म्हणजे तिन्ही एकाच प्रवचनातून, इस्राएलाच्या चाळीस वर्षांच्या अरण्यवासाची आठवण करून देणाऱ्या भागातून घेतलेली आहेत. इस्राएल अरण्यात भुकेला होता आणि कुरकुरला; मस्सा येथे त्याने देवाची परीक्षा पाहिली. प्रभू तशाच अरण्यात, तशाच भुकेत उभा राहून त्याच भागातले वचन बोलतो आणि इस्राएल जिथे पडला तिथे टिकून राहतो. संदर्भ सोडून सुटी तीन वाक्ये त्याने वापरली नाहीत. सुटे वाक्य वापरले ते सैतानाने. त्याने ९१ व्या स्तोत्रातील अकरावे आणि बारावे वचन म्हटले, पण तुझ्या सर्व मार्गांत तुझे रक्षण करतील हे शब्द मत्तयाच्या वृत्तांतात त्याच्या तोंडी नाहीत, आणि सर्पाला पायाखाली तुडवण्याचे तेरावे वचन तर त्याने अर्थातच काढले नाही. वचन पाठ असणे ही आपली आणि त्याची दोघांचीही बाजू आहे, हे लक्षात आल्यावर मला पाठांतराची गरज अधिक वाटू लागली आणि नुसत्या पाठांतराची भीतीही वाटू लागली.

संच बनवणाऱ्यांनी हा धोका ओळखलेला दिसत नाही. करिंथकरांस पहिले पत्र १०:१३, देव आपल्या शक्तीपलीकडे मोह येऊ देत नाही आणि निभावण्याचा मार्गही करतो, हे वचन ‘वासना’ विभागात एकटे उभे आहे. त्याच्या आधीच्या बाराव्या वचनातील, आपण उभे आहोत असे ज्याला वाटते त्याने पडू नये म्हणून सांभाळावे हा इशारा आणि नंतरच्या चौदाव्या वचनातील मूर्तिपूजेपासून पळण्याची आज्ञा कुठेच नाही. मार्ग देव करतो, पण त्या मार्गाने पाय उचलून पळायचे आपल्याला असते, हे तीन वचने सलग वाचली तरच कळते. फिलिप्पैकरांस पत्र ४:१३ हे ‘आळस’ विभागात घातले आहे, जणू ते अंगात बळ आणणारे वाक्य आहे. पौल तिथे विपुलतेत आणि उपासमारीत सारखेच समाधानी राहण्याविषयी बोलत आहे. ते कार्ड मी उचलून ‘लोभ’ विभागात ठेवले आहे आणि तिथे ते फार कामाला आले.

वास्तविक वचनांना क्रमांक देण्याची आजची पद्धत पुष्कळ उशिराची आहे. नव्या करारात ती रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ च्या आवृत्तीत आणली. प्रेषितांनी पत्रे लिहिली ती सलग, आणि मंडळीत ती वाचून दाखवली जात तीही सलग. क्रमांकांमुळे संदर्भ शोधणे सोपे झाले, यात वाद नाही. पण प्रत्येक क्रमांक म्हणजे स्वतंत्र औषधाची गोळी, अशी जी समजूत होऊन बसते ती या पेटीने आणखी घट्ट होण्याची भीती आहे.

पत्रकातील भाषा ही समजूत वाढवणारीच आहे. मोह आला की संबंधित वचन तीन वेळा मोठ्याने म्हणावे आणि चाळीस दिवसांत सवय सुटेल, असे त्यात लिहिले आहे. असे आश्वासन शास्त्रात मला कुठेही सापडलेले नाही. देहस्वभाव आणि आत्मा यांचा परस्परविरोध गलतीकरांस पत्र ५:१७ मध्ये स्पष्ट सांगितला आहे आणि त्याला दिवसांची मुदत घातलेली नाही. वचन म्हणजे मंत्र नव्हे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ मध्ये स्कवाच्या सात पुत्रांनी येशूचे नाव असेच एक सूत्र म्हणून उच्चारले आणि शेवटी त्यांना उघडेनागडे व घायाळ होऊन घरातून पळावे लागले. इफिसकरांस पत्र ६:१७ मध्ये वचनाला आत्म्याची तलवार म्हटले आहे, आणि लगेच पुढच्या वचनात सर्व प्रसंगी आत्म्याने प्रार्थना करा असे आहे. रोमकरांस पत्र ८:१३ मध्येही देहाची कर्मे ठार मारायची ती आत्म्याच्या योगाने. तलवार ज्याची आहे त्याच्याशी बोलणे सोडून ती फिरवण्याची सवय या पत्रकाने लागू शकते, म्हणून ते वाचून बाजूला ठेवावे असे मी सुचवीन.

एका वचनाने माणसाचे आयुष्य पालटल्याची उदाहरणे देतात, त्यांत ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनचे नाव हमखास येते आणि पत्रकातही ते आहे. ३८६ मध्ये मिलान येथील बागेत त्याने रोमकरांस पत्र १३:१३ व १४ वाचले आणि वासनेच्या ज्या बंधनाशी तो वर्षानुवर्षे झगडत होता ते तुटले. हे खरेच आहे, पण त्याआधी तो मिलानचा बिशप अँब्रोज याची प्रवचने दीर्घकाळ ऐकत होता, पौलाची पत्रे वाचत होता, आईची प्रार्थना त्याच्या पाठीशी होती आणि त्या दिवशी त्याचा मित्र त्याच्याजवळच बसलेला होता. त्या एका वचनामागे एवढे सगळे उभे होते.

‘वासना’ विभागाविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण बहुतेक तरुण विश्वासणारे हा संच त्याच विभागासाठी घेतील. त्यातली आठपैकी सहा कार्डे निषेधाची आहेत. जारकर्मापासून पळा हे करिंथकरांस पहिले पत्र ६:१८ दिले आहे, पण तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे आणि तुम्हांला मोलाने विकत घेतले आहे, हे सांगणारी एकोणिसावे आणि विसावे ही दोन वचने, म्हणजे पळण्याचे कारणच, सोडून दिले आहे. त्याच अध्यायातील अकराव्या वचनात पौल करिंथच्या मंडळीला सांगतो की तुमच्यापैकी कित्येक तसे होते, पण तुम्ही धुतलेले, पवित्र केलेले, नीतिमान ठरवलेले आहात. लाजेने मान खाली घातलेल्या माणसाच्या हातात सर्वांत आधी हे वचन द्यायला हवे होते. शिवू नको, चाखू नको अशा नियमांचा देहस्वभावाच्या लालसेपुढे काही उपयोग होत नाही, हे कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी सांगितलेले आहे आणि तिसऱ्या अध्यायाची सुरुवात ख्रिस्तासह उठवले गेलेल्यांनी वरील गोष्टींकडे मन लावण्याने होते. हा विभाग एकट्याने वापरू नये. मंडळीतील एखाद्या परिपक्व, भरवशाच्या व्यक्तीबरोबर वापरावा. याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापे कबूल करण्यास सांगितले आहे ते अशा झगड्यांत किती लागते, हे ज्यांनी केले आहे त्यांना समजेल.

‘मत्सर’ आणि ‘भीती’ हे विभाग मात्र उत्तम जमले आहेत, आणि त्यामागे बहुधा वेगळा हात असावा. तिथे वचने दोन-दोन, तीन-तीन सलग घेतली आहेत आणि ७३ व्या स्तोत्राची चार कार्डे एकापाठोपाठ लावली आहेत, त्यामुळे दुष्टांची भरभराट पाहून जळणाऱ्या स्तोत्रकर्त्या आसाफाचे मन देवाच्या पवित्रस्थानात जाताच कसे पालटते हा सगळा प्रवास आपोआप पाठ होतो. सगळी पेटी अशीच असती तर मला तक्रारीला फारशी जागा उरली नसती.

सर्वांत मोठी उणीव आता सांगते. पाप होऊ नये यासाठी ६४ कार्डे आहेत आणि पाप झाल्यानंतर काय करावे यासाठी एकही नाही. बहिणीला तो संदेश पाठवल्यानंतरच्या रात्री मी सगळी पेटी चाळली आणि मला धरून ठेवील असे एकही वचन त्यात नव्हते. प्रत्येक कार्ड मला माझी चूकच दाखवत होते. शास्त्र इतके अपुरे नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात तुम्ही पाप करू नये म्हणून लिहितो असे म्हणून त्याच श्वासात, पण कोणी पाप केले तर पित्याजवळ आपला कैवारी येशू ख्रिस्त आहे, असे म्हटले आहे. दावीद शास्त्र जाणणारा होता, तरी पडला, नाथान संदेष्ट्याच्या शब्दांनी जागा झाला, आणि ५१ वे स्तोत्र हे त्याच्या पश्चात्तापाचे गीत म्हणून आपल्या हाती आले. पडल्यावर उठण्याचे वचन ज्याच्याजवळ नाही तो लवकरच पेटी बंद करतो, आणि पुढे कदाचित पवित्र शास्त्रही.

म्हणून संच घेणाऱ्यांनी कोरी सोळा कार्डे पहिल्याच दिवशी बाहेर काढावीत. माझ्या कार्डांवर योहानाचे पहिले पत्र १:९ आणि २:१, रोमकरांस पत्र ८:१, ५१ व्या स्तोत्राची पहिली बारा वचने चार कार्डांत, विलापगीत ३:२२ व २३, करिंथकरांस पहिले पत्र ६:११ आणि ६:१९ व २० अशी वचने आहेत, आणि इफिसकरांस पत्र ४:२९ ते ३२ हे सलग लिहिलेले एक कार्ड आहे. छापील प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने तो संपूर्ण परिच्छेद कुठून कुठपर्यंत आहे तेही लिहून ठेवले आहे, आणि कार्ड शेवटच्या कप्प्यात टाकण्याआधी तो परिच्छेद एकदा पवित्र शास्त्रातून वाचते. या कामाला मला चार संध्याकाळ लागल्या. पुढच्या आवृत्तीत प्रकाशकांनी हे परिच्छेद-संदर्भ छापून द्यावेत आणि ‘कबुली व क्षमा’ असा नववा विभाग घालावा, असे मी त्यांना लिहून कळवले आहे. माझी दोन कोरी कार्डे अजून शिल्लक आहेत. त्यांतले एक बहिणीने मागून घेतले आहे.